दृष्टांतानंतरचा संसार : संत बहिणाबाई

आम्हां कीर्तनकारांची एक जुनी खोड आहे. बहिणाबाईंचे आख्यान लावले की आम्ही वासराचा प्रसंग रंगवतो, आयाबायांच्या डोळ्यांना पाणी आणतो. पुढे स्वप्नात तुकोबाराय येऊन मंत्र देतात, तिथे टाळमृदंगाचा गजर होतो, आणि आम्ही आरतीला उभे राहतो. चाळीस वर्षे आम्ही असेच केले. आता वाटते, की आख्यान तिथे संपत नाही. स्वप्नानंतरच्या सकाळी चूल तीच होती, नवरा तोच होता. बहिणा तेवढी निराळी झाली होती. त्या निराळेपणासह तिने त्याच घरात पुढचे दिवस कसे काढले, हे भाविकांपुढे ठेवावे म्हणून हा लेख.

बहिणाबाईंचा जन्म १६२८ साली वेरूळच्या टापूतील देवगाव येथे, आऊजी कुलकर्णी व जानकी यांच्या पोटी झाला. तिसऱ्या वर्षी लग्न झाले. शिऊर गावचे पाठक हे नवरदेव तेव्हा तिशीतले, बिजवर, वेदविद्येत निपुण. भाऊबंदांच्या तंट्यापायी आईबाप, जावई आणि लेक असे सारेच घर सोडून निघाले. पंढरपूर, शिंगणापूर, रहिमतपूर करीत कोल्हापुरास पोहोचले. तिथे एका वेदसंपन्न ब्राह्मणाच्या आश्रयाने राहिले. दानात गाय मिळाली. तिच्या वासराला बहिणेचा इतका लळा, की ते कीर्तनालाही तिच्यामागे जाई. जयरामस्वामी वडगावकरांनी कीर्तनात त्या दोघांच्या मस्तकावर हात ठेवला. ही वार्ता घरी गेली आणि नवऱ्याने तिला बेदम मारले, बांधून घातले. पुढे वासरू गेले. त्यानंतर कार्तिक वद्य पंचमीस तुकोबारायांचा स्वप्नानुग्रह झाला, असे परंपरा सांगते.

आता खरी परीक्षा बघा. लोक बहिणेच्या दर्शनाला येऊ लागले. दशग्रंथी नवरा ओसरीवर बसलेला आणि लोक वाकताहेत ते त्याच्या बायकोपुढे! गुरू कोण, तर देहूचे वाणी, शूद्र म्हणविणारे. त्याच्या विद्येचा, वर्णाचा आणि पुरुषपणाचा अभिमान एकदमच दुखावला. बायको गरोदर असताना तिला माहेरच्यांच्या हवाली करून आपण तीर्थांना निघून जावे, असे त्याने ठरवले.

बहिणेपुढे दोनच वाटा दिसत होत्या. देव धरावा तर घर मोडते, घर धरावे तर देव सुटतो. मूर्तीतल्या देवासाठी आणि स्वप्नात भेटलेल्या गुरूसाठी समोरचा माणूस गमवावा काय, इथवर तिचे मन गेले. ते तिने आपल्या आत्मचरित्रपर अभंगांत झाकून ठेवलेले नाही. ज्यांना दृष्टांत झाला त्यांनाही अशी रात्र चुकत नाही, हे आम्हांस फार मोलाचे वाटते.

इतक्यात नवराच तापाने अंथरुणाला खिळला. महिनाभर औषध लागू पडेना. ज्याने बांधून मारले त्याची सेवा बहिणा रात्रंदिवस करीत राहिली. नामही सोडले नाही आणि त्याची उशीही सोडली नाही. त्या आजारात पाठकांचे मन पालटले. आपण संतांची निंदा केली, बायकोचा छळ केला, हे त्यांना उमगले. बरे होताच त्यांनी स्वतःच देहूची वाट धरली, सासूसासरे आणि गाय बरोबर घेऊन.

देहूस सुख वाढून ठेवले नव्हतेच. मंबाजी गोसाव्याने शूद्राला गुरू मानल्याबद्दल या कुटुंबाचा छळ मांडला. त्यांची गाय कोंडून मारली, आणि त्या माराचे वळ तुकोबारायांच्या पाठीवर उमटले, अशी कथा आहे. पण एक फरक झाला होता. कोल्हापुरात बहिणा एकटी होती, देहूत नवरा तिच्या शेजारी उभा होता. तिथेच कन्या काशीबाईचा जन्म झाला. पुढे मुलगा विठ्ठल झाला.

आम्ही पाठशाळेत व्याकरण घोकले, वेदान्त वाचला. म्हणून या कथेत आम्हांस आमचा चेहरा दिसतो तो बहिणाबाईंचा नव्हे, त्या नवऱ्याचा. शिवाय एक कबुली द्यायला हवी. पूर्वी हे आख्यान सांगताना, सुनांनी असेच सोसावे, असा उपदेश आम्ही जोडत असू. ती आमची चूक. बहिणाबाईंनी सेवा केली म्हणून मारणारा हात पवित्र होत नाही. चरित्रात पश्चात्ताप मारणाऱ्याला झाला आहे, मार खाणारीला नव्हे. आणि सोसून बहिणाबाई गप्प बसल्या नाहीत. ज्या जातिअभिमानाने त्यांचे घर मोडू पाहिले, त्यावर त्यांनी वज्रसूचीच्या आधारे अभंग रचले. ब्राह्मण जन्माने, वर्णाने की देहाने ठरतो, हे एकेक तपासून, ब्रह्म जाणणारा तोच ब्राह्मण, असा निवाडा मराठीत मांडला. पतिव्रताधर्मावरही लिहिले. दोन्ही एकाच लेखणीचे.

पुढे त्या शिऊरास राहिल्या आणि १७०० साली, बहात्तराव्या वर्षी, तिथेच देह ठेवला. अखेरीस मुलाला जवळ बसवून आपल्या मागच्या बारा जन्मांची हकिगत त्यांनी सांगितली, हा तेरावा. ज्या संसाराने देवाच्या वाटेत काटे पेरले, त्याच संसारातला मुलगा त्या वाटेचा साक्षी झाला. त्यांची समाधी शिऊरला आहे.

वारकरी बांधवहो, आषाढी करून आपण घरी परततो तेव्हा गळ्यात माळ असते, अंगात भजन मुरलेले असते. घरचे मात्र होते तिथेच असतात. वीस दिवस शेत, गुरे, म्हातारी माणसे त्यांनी सांभाळलेली असतात. आल्या आल्या त्यांना अभंग ऐकवू नयेत. आधी त्यांच्या हातातली कामे आपल्या हातात घ्यावीत, त्यांचे बोलणे ऐकून घ्यावे. आपण बदललो हे त्यांना सांगावे लागत नाही. महिनाभरात त्यांना कळते, किंवा आपण बदललो नाही हे आपल्याला कळते.

हल्ली आम्ही गजर झाल्यावर आरती घेत नाही. श्रोत्यांना बसवून ठेवतो आणि आजाऱ्याच्या उशाशी जागणारी बहिणा सांगतो. टाळ्या कमी पडतात. परवा एक म्हातारा मात्र बुक्का लावून घेताना म्हणाला, की महाराज, घरी जाऊन बायकोशी बोलतो. असो. रामकृष्णहरि.