शेडमाके नावाची फाईल

चंद्रपूरच्या जिल्हा कारागृहाच्या आवारात एक पिंपळ आहे. दरवर्षी २१ ऑक्टोबरला तिथे गर्दी होते. गडचिरोली-चंद्रपूरकडचे असाल तर कधीतरी तुम्हीही गेला असाल. १८५८ साली याच तारखेला बाबुराव पुल्लेसूरबापू शेडमाके यांना इथे फाशी दिली गेली. वय पंचवीस. म्हणजे तुमच्यापेक्षा चार-पाच वर्षांनीच मोठे!

आता एक प्रश्न. बाबुरावांनी आत्मचरित्र लिहिलं नाही, डायरी मागे ठेवली नाही. मग त्यांचं आयुष्य आपल्याला कळलं कुठून?

आधी ते आयुष्य बघू. जन्म १२ मार्च १८३३, अहेरी भागातल्या किष्टापूरचा. वडील मोलमपल्लीचे जमीनदार. गोटुलातलं शिक्षण झालं, आणि पुढे रायपूरच्या इंग्रजी शाळेतही ते शिकले असं सांगतात. १८५४ मध्ये नागपूरचं राज्य खालसा झालं आणि चांदा जिल्हा इंग्रजांच्या हाती गेला. जंगल, जमीन, वसुली, सगळ्यावर नवा साहेब आला. सप्टेंबर १८५७ मध्ये बाबुरावांनी जंगोम दल उभारलं. गोंड, माडिया आणि रोहिले त्यात आले.

मार्च १८५८ मध्ये त्यांनी राजगड परगणा घेतला. चांद्याचा डेप्युटी कमिशनर कॅप्टन क्रिक्टन याने फौज पाठवली. नांदगाव-घोसरीला लढाई झाली. अडपल्ली-घोटचे जमीनदार व्यंकटराव बाबुरावांना येऊन मिळाले. २९ एप्रिलच्या रात्री प्राणहितेकाठी चिंचगुंडीला तार खात्याच्या छावणीवर हल्ला झाला. गार्टलँड आणि हॉल हे दोघे मारले गेले, पीटर निसटला आणि थेट क्रिक्टनकडे गेला. तार म्हणजे त्या काळचा मोबाईल टॉवरच समजा. साहेब का हादरला असेल, ते लक्षात येईल.

लढाईत बाबुराव हाती लागेनात. म्हणून क्रिक्टनने अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाईंवर दबाव आणला. रोहिल्यांनी एकदा बाबुरावांना पकडलं होतं, पण ते निसटले. सप्टेंबरमध्ये मात्र लक्ष्मीबाईंच्या माणसांनी त्यांना धरलं आणि चांद्याला पोचवलं. महिनाभरात खटला आणि फाशी. व्यंकटराव बस्तरकडे गेले, पण १८६० मध्ये तेही पकडले गेले. त्यांना जन्मठेप झाली आणि त्यांची जमीनदारी लक्ष्मीबाईंना इनाम मिळाली.

आता त्या प्रश्नाकडे वळू. वर दिलेल्या तारखा आणि नावांपैकी बरीचशी आली ती सरकारी कागदांतून. अधिकाऱ्यांची पत्रं, जमाबंदीचे अहवाल आणि १९०९ चं चांदा जिल्हा गॅझेटियर. लिहिणारे कोण? ज्यांनी फाशी दिली, तेच. त्यामुळे तिथे बाबुराव लूटमार करणारे बंडखोर म्हणून येतात. गार्टलँड आणि हॉलची नावं आहेत. पण बाबुरावांच्या बाजूने पडलेल्या गोंड-माडिया माणसांची नावं शोधायला गेलात तर हाताला फारसं काही लागत नाही.

दुसरीकडे गावातली आठवण आहे. बांबूवरचा ताडवा खाऊन बाबुरावांच्या अंगी अचाट बळ आलं, ही कथा तुमच्या आजीनेही सांगितली असेल. इतिहास म्हणून ती टिकणार नाही, मान्य. पण एका पोराने साहेबाला कसं जेरीस आणलं, हे लोकांना काय वाटत होतं, ते या कथेत आहे. ते गॅझेटियरमध्ये नाही.

मग खरं कोणतं मानायचं? दोन्ही वाचायचं, आणि दोन्हींवर शंका घ्यायची. कागद तारीख देतो, पण कारण लपवतो. आठवण कारण सांगते, पण तारीख विसरते. लक्ष्मीबाईंचंच बघा. कागदात त्या सरकारच्या निष्ठावान, लोकांच्या तोंडी फितूर. आपली जमीनदारी वाचवायला त्यांच्यापुढे किती वाटा मोकळ्या होत्या, हे विचारणारा अजून कुणीतरी हवाय. तुमच्यापैकी कुणी का नाही?

कागद दूर नाहीत. राज्याच्या पुराभिलेख विभागाचं कार्यालय नागपुरात आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ‘अभिलेख पटल’ या पोर्टलवर बरंच काही घरबसल्या शोधता येतं. शोधताना चंद्रपूर नाही, ‘चांदा’ टाका. शेडमाकेंचं स्पेलिंगही तीन-चार प्रकारे करून बघा. साहेबाने ऐकू आलं तसं लिहिलंय! आणि सुट्टीत गावी गेलात की म्हाताऱ्यांचं बोलणं मोबाईलवर रेकॉर्ड करा, त्यांना विचारून, नाव-गाव-तारखेसह. नागपूरची फाईल उद्याही तिथेच असेल. आजीचं तसं नाही.

जाता जाता एक गंमत. बाबुरावांच्या माणसांनी ज्या तार खात्याची छावणी उडवली, ते खातं पुढे बरीच वर्षं टपालासोबत एकत्र होतं. त्याच टपाल खात्याने १२ मार्च २००९ रोजी बाबुरावांचं तिकीट काढलं. दीडशे वर्षांत सरकारी कागदावरचा बंडखोर शहीद झाला. कागदसुद्धा बदलतो. फक्त कुणीतरी तो पुन्हा लिहायला बसावं लागतं.