मक्याच्या देशातले खानखोजे

परवा मेसमध्ये वाद पेटला. माझ्या रूम-पार्टनरला एम.एस.साठी अमेरिकेला जायचंय. झालं! देशाला विसरणार म्हणून सगळे त्याच्यावर तुटून पडले. मी गप्प. मी धडगावकडचा. आमच्या नंदुरबार जिल्ह्यातून दिवाळीनंतर गावंच्या गावं ऊसतोडीला गुजरातेत जातात, त्यांना असं कुणी विचारत नाही.

तेव्हा मला आठवले डॉ. पांडुरंग खानखोजे. जन्म १८८४, वर्ध्याकडचा. इंग्रजांना हाकलायचं या एकाच वेडापायी ऐन तारुण्यात घर सोडलं. जपानमार्गे अमेरिका गाठली, तिथे शेतकी शिकले, गदर चळवळीत पडले. पहिल्या महायुद्धात तर इराणात जाऊन इंग्रजांविरुद्ध लढले. मग परतीची वाटच बंद झाली. १९२४ साली पोचले मेक्सिकोत.

खरी गोष्ट इथून सुरू होते. क्रांतीनंतर तिथल्या गरीब शेतकऱ्यांना जमिनी मिळू लागल्या होत्या, पण शेतीचं शास्त्र त्यांच्या बांधापर्यंत पोचत नव्हतं. खानखोजेंना चापिंगोच्या कृषी विद्यालयात प्राध्यापकी मिळाली. पगार घेऊन स्वस्थ बसता आलं असतं की! पण त्यांनी खेड्यांतल्या शेतकऱ्यांसाठी मोफत कृषिशाळा सुरू केल्या. मक्याचा तेओसिंते नावाच्या त्याच्या रानटी भाऊबंदाशी संकर करून नवं वाण काढलं. दिएगो रिवेरा या थोर चित्रकाराने मेक्सिको सिटीतल्या शिक्षण खात्याच्या भिंतीवर त्यांना रंगवलं, टेबलाशी बसून सगळ्यांना भाकरी वाटून देताना. एका वऱ्हाडी... चुकलो, वैदर्भीय माणसाचं चित्र तिथे!

गंमत म्हणजे मका मूळचा मेक्सिकोचाच. आज आमच्या सातपुड्यात मक्याची भाकरी घरोघरी होते, पण खानखोजे हे नाव मी होस्टेलला आल्यावर पहिल्यांदा ऐकलं.

देश स्वतंत्र झाल्यावर १९४९ साली ते भारतात येऊन गेले, तेव्हा साठी उलटून गेली होती. पुढे नागपुरात राहिले. १९६७ साली तिथेच वारले.

हे सगळं पार्टनरला सांगितलं. तो म्हणाला की मग मीही जिथे राहीन तिथल्या लोकांसाठी काम केलं तर झालं ना? मी म्हटलं, खानखोजेंना यायला बंदी होती, तुला कोणी अडवलंय? त्यावर त्याने मलाच विचारलं, डिग्री झाल्यावर तू तरी धडगावला जाणार का?

त्या रात्री मला लवकर झोप लागली नाही.