घर गहाण टाकून घडवलेली ‘स्नो व्हाईट’

ऑक्टोबर २००१ मध्ये ‘स्नो व्हाईट अँड द सेव्हन ड्वार्फ्स’ हा चित्रपट प्रथमच डीव्हीडीवर अवतरला. त्याआधीचे महिने ऍनिमेशनच्या चाहत्यांनी मोठ्या उत्कंठेत काढले होते. १९९४ साली निघालेली व्हिडिओ कॅसेट ठराविक काळानंतर बाजारातून काढून घेण्यात आली होती. आपले गाजलेले चित्रपट काही वर्षे कुलूपबंद ठेवायचे आणि नव्या पिढीसमोर पुन्हा आणायचे, हा डिस्ने कंपनीचा शिरस्ताच होता. त्यामुळे नव्या आवृत्तीत रंग कसे दिसतील, मूळ चित्रपटातून वगळलेली दृश्ये पाहायला मिळतील का, याचीच चर्चा चाहत्यांमध्ये होती. सात बुटक्यांच्या सूप पिण्याचा प्रसंग पेन्सिलच्या रेखाटनांच्या रूपात त्यांना पाहायला मिळाला. जुन्या ध्वनिमुद्रणांतून वॉल्ट डिस्ने यांचा आवाजही ऐकायला मिळाला. डिस्ने यांना जाऊन तेव्हा जवळपास ३५ वर्षे झाली होती.

वॉल्टर इलायस डिस्ने यांचा जन्म ५ डिसेंबर १९०१ रोजी शिकागो येथे झाला. बालपणीची काही वर्षे मिसुरी राज्यातील मार्सेलीन या छोट्या गावी, शेतावर गेली. चित्रे काढण्याचा नाद तिथेच लागला. पुढे कुटुंब कॅन्सस सिटीला आले आणि वडिलांनी वृत्तपत्र वितरणाचे काम घेतले. वॉल्ट आणि थोरला भाऊ रॉय पहाटेच्या अंधारात, बर्फ तुडवत घरोघर अंक टाकत. या कष्टांचा मोबदला वडील मुलांना देत नसत. मात्र याच कामाने वॉल्टला एक अनमोल अनुभव दिला. १९१७ साली शहरातील वृत्तपत्रे टाकणाऱ्या मुलांसाठी एका भव्य सभागृहात ‘स्नो व्हाईट’ हा मूकपट दाखवण्यात आला. चार पडद्यांवर एकाच वेळी चाललेला तो खेळ पंधरा वर्षांच्या वॉल्टच्या मनात कायमचा घर करून राहिला.

पहिल्या महायुद्धानंतर रेड क्रॉसचा रुग्णवाहिकाचालक म्हणून फ्रान्समध्ये काही महिने काढून ते परतले. कॅन्सस सिटीत त्यांनी काढलेला पहिला स्टुडिओ १९२३ मध्ये दिवाळखोरीत निघाला. खिशात चाळीस डॉलर घेऊन त्यांनी हॉलिवूड गाठले आणि रॉयच्या साथीने नवा स्टुडिओ उभा केला. तेथे ‘ऑस्वाल्ड’ नावाचा ससा लोकप्रिय झाला. पण १९२८ मध्ये त्याचे हक्क वितरकांकडेच असल्याचे वास्तव समोर आले आणि सशाबरोबर बहुतेक सहकारीही हातचे गेले. आपल्या निर्मितीवरचा हक्क यापुढे कधीही सोडायचा नाही, हा धडा वॉल्ट तेव्हा शिकले. अब आयवर्क्स या मित्राच्या कुंचल्यातून मिकी माउस साकारला आणि १८ नोव्हेंबर १९२८ रोजी ‘स्टीमबोट विली’ या बोलपटाने न्यूयॉर्क जिंकले. मिकीला प्रारंभीची अनेक वर्षे आवाज दिला तो स्वतः वॉल्ट यांनीच.

१९३४ मध्ये एका संध्याकाळी त्यांनी आपल्या चित्रकारांना एकत्र बोलावले आणि ‘स्नो व्हाईट’ची संपूर्ण कथा त्यांच्यासमोर एकट्याने साभिनय सादर केली. राणी, बुटके, राजकुमारी अशा साऱ्या भूमिका ते क्षणोक्षणी बदलत होते. तोवर व्यंगचित्रपट म्हणजे मुख्य चित्रपटाआधीची सात-आठ मिनिटांची करमणूक, असेच समीकरण होते. प्रेक्षक तासाहून अधिक काळ रेखाटलेली पात्रे पाहत बसतील आणि त्यांच्यासाठी डोळ्यांत पाणी आणतील, यावर चित्रपटसृष्टीचा विश्वास नव्हता. या प्रकल्पाची डिस्ने यांचा वेडेपणा म्हणून टवाळी झाली. पत्नी लिलियन आणि भाऊ रॉय यांनाही धाकधूक वाटत होती.

अडीच लाख डॉलरचा अंदाज बघता बघता पंधरा लाखांच्या घरात गेला. वॉल्ट यांनी राहते घर गहाण टाकले. अपुऱ्या चित्रपटाचे तुकडे दाखवून बँकेकडून आणखी कर्ज मिळवावे लागले. चित्रकारांसाठी मानवी शरीररचना आणि हालचालींचे वर्ग भरवण्यात आले. दृश्याला खोली यावी म्हणून काचेच्या वेगवेगळ्या थरांवर चित्रे मांडून त्यांचे चित्रण करणारा मल्टिप्लेन कॅमेरा वापरला गेला. पारदर्शक पत्र्यांवर शाई आणि रंग चढवण्याचे अतिशय नाजूक काम मुख्यतः तरुणींच्या मोठ्या चमूने केले. चित्रपटाच्या श्रेयनामावलीत मात्र त्यांची नावे आली नाहीत.

२१ डिसेंबर १९३७ रोजी लॉस एंजेलिसच्या कार्थे सर्कल चित्रगृहात चित्रपटाचा पहिला खेळ झाला. कठोर मानले जाणारे हॉलिवूडचे प्रेक्षक स्नो व्हाईटच्या निष्प्राण देहाभोवती बसलेल्या बुटक्यांना पाहून हेलावले आणि अखेरीस त्यांनी उभे राहून दाद दिली. १९३९ मध्ये ऑस्कर सोहळ्यात वॉल्ट यांना एक मोठी आणि सात चिमुकल्या अशा बाहुल्यांचे विशेष पारितोषिक बालतारका शर्ली टेम्पल हिच्या हस्ते देण्यात आले.

यशाची चव मात्र फार काळ टिकली नाही. मुलांनी आईवडिलांना घेऊन दिलेल्या नव्या घरात नोव्हेंबर १९३८ मध्ये भट्टीतील विषारी वायूची गळती झाली आणि त्यात आईचा मृत्यू झाला. हा घाव वॉल्ट यांच्या मनात अखेरपर्यंत राहिला. ‘पिनोकिओ’ आणि ‘फँटेशिया’ हे १९४० मधील चित्रपट महायुद्धाने युरोपची बाजारपेठ बंद पडल्यामुळे तोट्यात गेले. वेतनातील तफावत आणि श्रेय यांवरून धुमसणाऱ्या असंतोषाचा १९४१ मध्ये संपाने स्फोट झाला. ‘स्नो व्हाईट’मधील दुष्ट राणी सजीव करणारे आर्ट बॅबिट हे संपकऱ्यांच्या अग्रभागी होते. सरकारी मध्यस्थीने संप मिटला, संघटनेला मान्यता मिळाली; पण मालक आणि कलावंत यांच्यातील कौटुंबिक जिव्हाळा कायमचा संपला. हा विरोध वॉल्ट यांना व्यक्तिगत विश्वासघात वाटला. १९४७ मध्ये अमेरिकी संसदेच्या समितीपुढे त्यांनी संपामागे कम्युनिस्ट असल्याची साक्ष दिली. त्यांच्या चरित्रातील हे कटू पान वगळता येत नाही.

युद्धकाळात पैशांची चणचण असताना १९४४ मध्ये ‘स्नो व्हाईट’ पुन्हा चित्रगृहांत आणण्यात आला आणि तो पुन्हा चालला. सात वर्षांत मुलांची नवी पिढी तयार होते, हे गणित कंपनीला तेव्हा गवसले. पुढील अर्धशतकात हा चित्रपट अनेकदा परतला. दरम्यान वॉल्ट दूरचित्रवाणी आणि १९५५ मध्ये सुरू झालेले डिस्नेलँड यांत रमले. १५ डिसेंबर १९६६ रोजी फुफ्फुसाच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले. त्यांच्या देखरेखीखाली तयार होत असलेला ‘द जंगल बुक’ पुढच्या वर्षी झळकला. त्याची मूळ कथा लिहिणारे रुडयार्ड किपलिंग मुंबईत जन्मले होते. मुंबईशी डिस्ने परंपरेचे आणखी एक नाते आहे. १९५६ मध्ये डिस्ने स्टुडिओतील क्लेअर वीक्स यांनी मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये राम मोहन यांच्यासारख्या तरुणांना ऍनिमेशनचे धडे दिले.

घरगुती व्हिडिओचे युग वॉल्ट यांनी पाहिले नाही. त्यांच्या कंपनीने तर १९७६ मध्ये घरच्या ध्वनिचित्रमुद्रणाविरुद्ध सोनी कंपनीला न्यायालयात खेचले होते. १९८४ मध्ये तो खटला हरलाही. पुढे याच माध्यमाने तिला अमाप पैसा दिला. १९९३ मध्ये संगणकाच्या साह्याने ‘स्नो व्हाईट’च्या चौकटी स्वच्छ करण्यात आल्या. २००१ च्या डीव्हीडीनंतर २००९ मध्ये ब्लू-रे आणि २०२३ मध्ये फोर-के आवृत्ती आली. २०१९ पासून इंटरनेटवरील प्रक्षेपणामुळे सात वर्षांची प्रतीक्षा इतिहासजमा झाली.

तरीही प्रत्येक नव्या आवृत्तीच्या वेळी चाहते तेच पाहतात: रंग पूर्वीसारखे आहेत का, रेषांचा जिवंतपणा टिकला आहे का. त्या रेषांमागे अनेक अनाम हातांचे कष्ट आहेत आणि वृत्तपत्रे टाकणाऱ्या एका मुलाने कॅन्सस सिटीतील त्या सभागृहात पाहिलेले स्वप्नही आहे.