कै. कमलाबाई सोहोनी

बटाटा चिरून ठेविला म्हणजे थोड्याच वेळांत तपकिरी पडतो, व त्यास लिंबाचा रस लाविला तर तितक्या लवकर काळवंडत नाहीं, हें तिवशांतील प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. हा रंगबदल घडविणाऱ्या द्रव्यास एन्झाइम म्हणतात. अशाच द्रव्यांच्या शोधांत ज्यांनीं उमेदीचीं वर्षें वेंचिलीं, त्या विदुषीचें चरित्र आम्ही येथें देत आहों.

कमलाबाईंचा जन्म इंदूर येथें भागवत घराण्यांत झाला. वडील नारायणराव व चुलते माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ. प्रसिद्ध लेखिका दुर्गाबाई भागवत या त्यांच्या वडील भगिनी. १९३३ सालीं मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्‌सी. परीक्षेंत त्या पहिल्या आल्या. असें असतां बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सनें त्यांचा अर्ज नाकारिला. कारण इतकेंच कीं, त्या स्त्री होत्या! संस्थेचे संचालक सर चंद्रशेखर वेंकट रामन हे नोबेल पारितोषिक मिळविलेले जगद्विख्यात पुरुष. त्यांच्यासमोर उभें राहून बाईंनीं नकाराचें कारण विचारिलें, व त्या मागें हटल्या नाहींत. अखेर एक वर्ष परीक्षेदाखल, काम पसंत पडल्यावांचून तें मान्य होणार नाहीं, आणि पुरुष सहकाऱ्यांचें चित्त विचलित होऊं नये, अशा अटींवर त्यांस प्रवेश मिळाला. रामन थोर खरे. परंतु हा अन्याय होता, असेंच आम्हांस म्हटलें पाहिजे. वर्षअखेर बाईंच्या कामानें त्यांचें मत पालटलें, व त्या संस्थेचें दार पुढें इतर मुलींसही उघडलें.

तेथें दूध व डाळी यांतील प्रथिनांचा अभ्यास करून बाई केंब्रिजला गेल्या. डॉ. रिश्टर यांच्यासह त्यांनीं प्राण्यांच्या शरीरांतील फिनोलेज तपासलें. चिरलेला बटाटा काळवंडविणारें द्रव्य याच कुळांतलें. मग रॉबिन हिल यांच्या सहवासांत त्या वनस्पतींकडे वळल्या.

एन्झाइम डोळ्यांस दिसत नाहीं. मग त्याचें बळ मोजावें कसें? त्या काळीं वनस्पतीचा रस लहानशा बंद कांचपात्रांत घालून तें ठराविक उष्णमानाच्या पाण्यांत हालवीत ठेवीत. आंतील प्राणवायु खर्च होई तसतसा पात्रास जोडलेल्या बारीक नळींतील द्रव सरके; उत्पन्न होणारा कार्बन डायॉक्साइड दाहक पोटॅश शोषून घेई. ठराविक वेळांत किती प्राणवायु खपला, तें एन्झाइमाच्या कार्यशक्तीचें माप. उष्णमान किंचित् ढळलें कीं आंकडा फसलाच. तोच रस उकळून पुन्हां ठेविला व नळी स्तब्ध राहिली, म्हणजे काम एन्झाइमाचेंच ठरे.

पेशींच्या श्वसनांत भाग घेणारें सायटोक्रोम-सी हें द्रव्य बटाट्याच्या पेशींतही असतें, असें बाईंनीं दाखविलें. त्यांचा प्रबंध अवघा ४० पृष्ठांचा! त्यावर १९३९ सालीं पीएच्.डी. मिळाली.

स्वदेशीं परतल्यावर दिल्लीचें लेडी हार्डिंग कॉलेज व कुन्नूरची पोषण-प्रयोगशाळा येथें त्यांनीं काम केलें. १९४७ मध्यें विवाह होऊन त्या मुंबईस आल्या व रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्यें शिकवूं लागल्या. तेथें त्यांनीं विद्यार्थ्यांकडून कडधान्यें व नीरा यांचें पृथक्करण करविलें; नीरेंतील जीवनसत्त्वांचा गरीब मुलांच्या पोषणास उपयोग होईल, असें त्यांतून दिसून आलें. पुढें त्या त्याच संस्थेच्या संचालिका झाल्या. निवृत्तीनंतर ग्राहकांच्या हितासाठीं त्या लेख लिहीत असत. १९९८ सालीं दिल्लींत त्यांचा सत्कार झाला, व त्यानंतर लवकरच त्यांचें देहावसान झालें.