बो मॅकमिलन आणि सेंटर कॉलेजचा संघ

अमेरिकेंतील फुटबॉल आमच्या विद्यार्थ्यांच्या परिचयाचा नाहीं. तेथें लंबगोल चेंडू हातीं धरून प्रतिपक्षाच्या रेषेपलीकडे न्यावयाचा असतो. या खेळांत नांव मिळविणारे आल्विन मॅकमिलन यांस सर्व देश 'बो' म्हणून ओळखी. त्यांचा जन्म टेक्सस संस्थानांत १८९५ सालीं झाला. मैदानावर ते तरबेज, पण अभ्यासांत मागें. म्हणून केंटकी संस्थानांतील सॉमरसेटच्या हायस्कुलांत आधीं शिकून मगच त्यांना डॅनव्हिल गांवच्या सेंटर कॉलेजांत प्रवेश मिळाला.

हें कॉलेज प्रेसबिटेरियन मंडळीच्या आश्रयानें १८१९ सालीं स्थापन झालें. मॅकमिलन यांच्या वेळीं विद्यार्थी सुमारें तीनशेंच. सामन्यापूर्वीं खेळाडू एकत्र प्रार्थना करीत, त्यावरून त्यांस 'प्रार्थना करणारे कर्नल' हें नांव पडलें. त्यांत थोडी थट्टाहि असावी, असें आम्हांस वाटतें.

१९२० सालीं हा संघ बलाढ्य हार्वर्ड विद्यापीठाशीं खेळून ३१-१४ असा हरला. हार्वर्डच्या कप्तानानें सामन्याचा चेंडू भेट म्हणून देऊं केला. परंतु पुढील वर्षीं येऊन तो जिंकूनच नेऊं, असें सांगून मॅकमिलन यांनीं तो परत केला, अशी आख्यायिका आहे.

२९ ऑक्टोबर १९२१ रोजीं संघ पुन्हां गेला. पूर्वार्धांत कोणासच गुण मिळाला नाहीं. उत्तरार्धाच्या आरंभीं मॅकमिलन चेंडू घेऊन निसटले आणि अंगावर येणाऱ्यांस हुलकावणी देत ३२ यार्ड धांवून त्यांनीं रेषा ओलांडली. सेंटर ६, हार्वर्ड ०! डॅनव्हिलमध्यें भिंतींवर 'सी ६ एच ०' अशीं अक्षरें झळकलीं. जणूं रसायनशास्त्राचें नवें सूत्रच!

त्या हंगामांतील अकरा सामन्यांपैकीं दहा त्यांनीं जिंकले. शेवटचा, २ जानेवारी १९२२ चा, टेक्ससच्या कृषि महाविद्यालयानें २२-१४ असा जिंकला. त्याच दिवशीं सकाळीं मॅकमिलन यांचा विवाह झाला होता!

मात्र १९२२ सालीं पदवी न घेतांच ते सेंटेनरी कॉलेजांत फुटबॉलचे शिक्षक म्हणून गेले. ज्याच्या धांवण्यानें कॉलेजचें नांव देशभर झालें, त्यास रिकाम्या हातीं जाऊं द्यावें, हें आम्हां शिक्षकांस खटकतें. शिकविण्याची हातोटी मात्र त्यांच्यापाशीं होती. १९२६ सालीं त्यांच्या हाताखालील जिनीव्हा कॉलेजच्या लहानशा संघानें हार्वर्डास १६-७ असें हरविलें. १९४५ सालीं इंडियाना विद्यापीठाचा त्यांचा संघ अजिंक्य राहिला. १९५२ च्या मार्चमध्यें त्यांचें निधन झालें.