एदमों बेकरेल

अलेक्सांद्र-एदमों बेकरेल (२४ मार्च, १८२०:पॅरिस, फ्रान्स - ११ मे, १८९१:पॅरिस, फ्रान्स) हे फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ होते. प्रकाशापासून थेट वीज निर्माण होते हे त्यांनी १८३९ मध्ये दाखवले. या आविष्कारास प्रकाश-व्होल्टीय परिणाम किंवा बेकरेल परिणाम म्हणतात.

== जीवन ==
भौतिकशास्त्रज्ञ आंत्वान सेझार बेकरेल हे त्यांचे वडील. दोन नामांकित उच्च शिक्षणसंस्थांत प्रवेश मिळूनही तो नाकारून एदमों वडिलांचे साहाय्यक झाले. १८६३ मध्ये ते फ्रेंच विज्ञान अकादमीचे सदस्य झाले. १८७८ मध्ये वडिलांच्या निधनानंतर पॅरिसच्या निसर्गेतिहास संग्रहालयातील त्यांचे प्राध्यापकपद एदमों यांच्याकडे आले. किरणोत्सर्गाचा शोध लावणारे नोबेल पारितोषिक विजेते आंरी बेकरेल हे त्यांचे पुत्र होत.

== संशोधन ==
वयाच्या १९व्या वर्षी वडिलांच्या प्रयोगशाळेत त्यांनी सिल्व्हर क्लोराइडसारख्या प्रकाशसंवेदी संयुगाचा थर दिलेली प्लॅटिनमची विद्युतअग्रे आम्लयुक्त द्रावणात बुडवली. एका अग्रावर प्रकाश पडताच मंडलातून विद्युतप्रवाह वाहू लागला. मात्र हा प्रवाह अत्यंत क्षीण असल्याने त्यांच्या हयातीत तो वीजनिर्मितीसाठी उपयोगी ठरला नाही.

१८४८ मध्ये त्यांनी सौर वर्णपटाचे रंगीत छायाचित्र घेतले. परंतु ते रंग कायम करण्याची रीत त्यांना साधली नाही. अशी चित्रे अंधारातच जपावी लागत. प्रकाश काढून घेतल्यावरही पदार्थ किती काळ चमकत राहतो हे मोजण्यासाठी त्यांनी फॉस्फोरोस्कोप हे उपकरण तयार केले. हरितद्रव्यामुळे छायाचित्रणाच्या काचा तांबड्या प्रकाशालाही प्रतिसाद देतात, असे त्यांना १८७४ मध्ये आढळले. रंगद्रव्याने प्रकाशसंवेदन वाढवण्याचे हे आरंभीचे उदाहरण होय.

== वारसा ==
व्हिएन्ना येथील जेम्स मोझर यांनी १८८७ मध्ये अग्राला रंग देऊन बेकरेल परिणाम वाढवला. बेकरेल यांच्या मृत्यूनंतर बरोबर शंभर वर्षांनी, १९९१ मध्ये, ब्रायन ओ'रीगन आणि मिखाएल ग्रेट्सेल यांनी कार्यक्षम रंजक-संवेदित सौर घट प्रसिद्ध केला. त्यात टायटॅनियम डायऑक्साइडच्या सच्छिद्र थरावरील रंजक प्रकाश शोषून इलेक्ट्रॉन देतो. बाहेरच्या मंडलातून फिरून आलेला इलेक्ट्रॉन समोरच्या अग्रावरून द्रावणात आणि द्रावणातून पुन्हा रंजकाकडे पोहोचतो. हे समोरचे अग्र परंपरेने प्लॅटिनमलेपित असते.

प्लॅटिनम महाग व दुर्मिळ असल्याने त्याऐवजी पॉलिॲनिलीन, पॉलिपायरोल यांसारखे विद्युतवाहक पॉलिमर वापरण्याचे प्रयत्न जगभर सुरू आहेत. हे पॉलिमर काचेवर किंवा लवचीक प्लॅस्टिकवरही पसरवता येतात. महाराष्ट्रात कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात रंजक-संवेदित घटांवर, तर छत्रपती संभाजीनगर येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात विद्युतवाहक पॉलिमरांवर संशोधन झाले आहे. द्रावण, प्रकाशसंवेदी थर आणि दोन अग्रे ही बेकरेल यांच्या प्रयोगाची मूळ रचना मात्र या घटांतही कायम आहे.