शिंपेंतील मिरें

अभ्यासांत मागें पडणाऱ्या मुलाविषयीं आपण किती लौकर निराश होतों! चार्ल्स डार्विन याचें चरित्र वाचतांना हा विचार आमच्या मनांत वारंवार आला.

चार्ल्सचा जन्म ता. १२ फेब्रुवारी १८०९ रोजीं इंग्लंडांतील श्रूझबरी गांवीं झाला. वडील नामांकित डॉक्टर. मुलानेंही तोच धंदा करावा म्हणून त्यांनीं त्यास १८२५ सालीं एडिंबरो येथें धाडिलें. परंतु व्याख्यानांत त्याचें मन रमेना. त्या काळीं गुंगीचें औषध नव्हतें. शस्त्रक्रियेच्या वेळचे हाल पाहवेनात म्हणून तो तेथून निघून गेला.

समुद्रकांठीं मात्र हाच मुलगा ओहोटीच्या वेळीं मोठ्या आवडीनें जीवजंतु शोधीत फिरे. कालवांच्या जुन्या शिंपांस चिकटलेले काळे, वाटोळे दाणे तेथें आढळत. कोळी लोक त्यांस मोठीं मिरीं म्हणत, तर विद्वान त्यांस समुद्रशेवाळाचीं कोंवळीं रोपें समजत. चार्ल्सनें ते स्वतः तपासून पाहिले, तेव्हां ते पाकटासारख्या माशांचें रक्त शोषणाऱ्या सागरी जळवेचे अंडकोश ठरले. ता. २७ मार्च १८२७ रोजीं प्लिनियन नांवाच्या विद्यार्थिमंडळापुढें त्यानें हा शोध मांडला. तेव्हां तो अवघा १८ वर्षांचा होता.

वैद्यक सुटलें. निराश झालेल्या वडिलांनीं त्यास धर्मोपदेशक करण्याच्या हेतूनें केंब्रिजला पाठविलें. तेथें पदवी मिळवून तो १८३१ च्या डिसेंबरांत ‘बीगल’ जहाजावरून पृथ्वीप्रदक्षिणेस निघाला. १८३५ सालीं चिली देशाच्या चोनोस बेटांत त्यास बारीक छिद्रें पडलेला एक शंख सांपडला. प्रत्येक छिद्रांत एक सूक्ष्म प्राणी वस्ती करून होता. खडकांस चिकटणाऱ्या बार्नकल जातीचाच तो. पण स्वतःचें कवच नसलेला!

या जीवाचें कोडें उलगडण्यास डार्विननें १८४६ सालीं आरंभ केला. त्यासाठीं सर्वच बार्नकल तपासणें प्राप्त झालें, आणि त्यांत ८ वर्षें गेलीं. प्रकृति सदैव नादुरुस्त; त्यांतच १८५१ सालीं अ‍ॅनी ही १० वर्षांची लाडकी कन्या दगावली. तरीही त्यानें काम तडीस नेलें. १८५३ सालीं रॉयल सोसायटीनें त्यास पदक अर्पण केलें. जीवजातींच्या उत्पत्तीवरील त्याचा जगप्रसिद्ध ग्रंथ यानंतर, १८५९ सालीं निघाला. शेवटचा ग्रंथ १८८१ सालचा. त्याचा विषय गांडूळ! ता. १९ एप्रिल १८८२ रोजीं तो निवर्तला. वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेंत त्याचा देह विसांवला आहे.

जळवेपासून गांडुळापर्यंत कोणताही जीव त्यानें क्षुद्र मानिला नाहीं. पालकहो, चिखलानें भरलेले खिसे घेऊन मूल घरीं आलें, तर रागावण्यापूर्वीं त्या खिशांत काय आहे हें आपण एकदां पाहावें, एवढीच आमची विनंति आहे.